बढतीच्या सामन्याची गर्दी: क्लबचा आधार कशावरून ठरवायचा?

नेरूळकर:
मे २०२३ मध्ये लूटन आणि कोव्हेंट्री हे फुटबॉल क्लब इंग्लंडच्या सर्वात वरच्या, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर भिडले. मैदानात ८५ हजारांवर प्रेक्षक. लूटनचं घरचं मैदान केनिलवर्थ रोड, तिथे तेव्हा जेमतेम १० हजारांच्या आसपास माणसं मावायची. मग वेम्ब्लीवर आलेले बाकीचे एरवी कुठे असतात? त्या एका दिवसाची गर्दी म्हणजे क्लबचा आधार, हे मला पटत नाही. संघ तळाला असताना, जानेवारीत, मंगळवारी रात्री परगावच्या स्टँडमध्ये जो उभा असतो, तो खरा आधार.

कळवेकर:
अजिबात नाही! मैदानात जागाच १० हजारांची, तर बाकीच्यांनी बसायचं कुठे? आणि परगावी पाहुण्या संघाच्या समर्थकांना मिळतो एक कोपरा. प्रीमियर लीगमध्येसुद्धा साधारण ३ हजार तिकिटं. मागणी कितीही असो, आकडा तिथेच अडतो. वेम्ब्ली तटस्थ, दोन्ही बाजूंना भरपूर तिकिटं, म्हणून गावात खरोखर किती माणसं आहेत ते तिथेच दिसतं. २००९ ते २०१४ लूटन इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर होतं. तेव्हा बापाचं बोट धरून जाणाऱ्या पोराला आज कामामुळे दर शनिवारी जमत नसेल, तर तो उपरा कसा?

नेरूळकर:
कोट्याचं मान्य. पण लूटनहून लंडन पन्नासेक किलोमीटर. संडरलँडचे लोक मे २०२५ मध्ये वेम्ब्लीवरच्या तशाच सामन्याला चारशेच्या आसपास किलोमीटर कापून आले आणि ९५व्या मिनिटाला टॉमी वॉटसनच्या गोलने वर गेले. दोघांची गर्दी एकाच मापाने कशी मोजणार?

ऐरोलीची:
अंतराचंच म्हणता ना, मग एप्रिल २०२४ आठवा. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबला २-१ हरवून आय-लीग जिंकली आणि तिच्या वरची, देशातली अव्वल फुटबॉल लीग आयएसएल गाठली. कोलकात्याहून रेल्वे गुवाहाटीपर्यंत, पुढे डोंगरातला रस्ता. तिथे पोचलेली डोकी मोजून १८९१ सालच्या क्लबचा आधार ठरवायचा का? आणि आपलं काय? २०१४, २०१५ मध्ये आयएसएलमधली मुंबई सिटी आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळायची. पहिल्याच हंगामात पुण्याला ५-० धुतलं होतं. २०१६ पासून घर अंधेरीला. रात्री साडेसातची मॅच संपवून मेट्रोने घाटकोपर, मग ठाणे, मग ट्रान्स-हार्बर लोकल. सकाळी कामावर जायचं असलं की नाही जमत हो. म्हणून आम्ही समर्थकांतून बाद?

कोपरीकर:
ऐरोलीताईंना पूर्ण पाठिंबा. फायनल नेरूळला ठेवा, अर्धं नवी मुंबई येईल.

नेरूळकर:
येईल, आणि मला आनंदच होईल. पण फायनलची तिकिटं वाटताना हंगामभर परगावी गेलेल्यांचा नंबर आधी लागला पाहिजे. इंग्लंडमधले बरेच क्लब तसंच करतात आणि ते योग्यच आहे.

कळवेकर:
आधी द्या, पण सगळी नाही. ज्याच्या घरून परगावचा खर्च झेपत नाही, त्या शाळकरी पोराला संघ वर जाताना बघायची तीच एक संधी असते. त्याच्यासाठी काही तिकिटं राखून ठेवायलाच हवीत.