मदत हवी आहे : फुटबॉलचं सीझन तिकीट अजून हातात नाही

मंडळी, आम्ही भुसावळचे काही फुटबॉलवेडे. मुंबईतल्या एका क्लबचं सीझन तिकीट, म्हणजे हंगामातल्या सामन्यांसाठी एकच तिकीट, ऑनलाइन काढलं, पैसे लगेच कापले गेले. सामने सुरू झाले तरी तिकिटाचं कार्ड आलंच नाही. मेल केला की "खिडकीवरून घेऊन जा" एवढंच उत्तर. इथून मुंबई ४०० किलोमीटरच्या वर!

तरी रात्रीची गाडी पकडून गेलो. एकच खिडकी उघडी, त्या दिवसाचं तिकीट काढणारे आणि आम्ही सगळे एकाच रांगेत. आतला माणूस छापील यादीवर पेन फिरवत एकेक नाव शोधत होता. पहिल्या गोलाचा जल्लोष आम्ही रांगेतच ऐकला. सोबतच्या पोराने क्लासच्या शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते, त्याच्याकडे बघवेना.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीची फीही नाही. पण आधी १९१५ या हेल्पलाइनवर सांगून काम होतं का? हुकलेल्या सामन्यांचे पैसे कुणाला परत मिळालेत का? जळगाव-धुळ्याकडच्या कुणाकडे नोटिशीचा नमुना असेल तर कृपया टाका. उरलेले सामने तरी आम्हाला बघायचे आहेत.