काट्या-चमच्यांवरचा '८४'

पॅरिसच्या जुन्या बाजारातल्या काट्या-चमच्यांवर ८४ दिसलं की ती रशियन चांदी, ८७५ टंच (हजारात ८७५ भाग शुद्ध चांदी), असं काही जण म्हणतात. रशियन मालावर तसा अर्थ खराच, पण चांदीचा मुलामा दिलेल्या फ्रेंच मालावर ८४ म्हणजे डझनभर काटे आणि डझनभर चमचे मिळून चढवलेली चांदी, ग्रॅममध्ये. नगाला साडेतीन ग्रॅम!

अस्सल फ्रेंच चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीच्या शिराचा ठसा असतो. जुन्या मालावर त्यात १ असेल तर ९५० टंच, २ असेल तर ८००. शिवाय कारागिराचा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा. हे सगळं इतकं बारीक असतं की भिंगाशिवाय दिसत नाही. मी भिंग न नेता सहा चमचे चांदीच्या भावाने उचलले होते. घरी घासल्यावर पाठीवर पितळ हसायला लागलं.