शिकागोची ग्रीक पोथी मठाला परत दिली, ते योग्यच झालं. तुमचं मत?

समासटीप
उत्तर ग्रीसमध्ये द्रामा शहराजवळ पंगेऊ डोंगरावर कोसिनित्सा मठ आहे. मार्च 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, बल्गेरियन सशस्त्र टोळीने तो लुटला आणि चारशेहून जास्त हस्तलिखितं नेली. त्यातली एक चर्मपत्रावरची पोथी युरोपातल्या पुस्तकविक्रेत्याकडून ग्रुबर नावाच्या अमेरिकन धर्मशास्त्र्याने विकत घेतली. पुढे ती शिकागोच्या लुथरन सेमिनरीकडे (धर्मशिक्षणाच्या संस्थेकडे) आली. अभ्यासक तिला '1424' या क्रमांकाने ओळखतात. नवव्या-दहाव्या शतकातली, सबास नावाच्या भिक्षूने लिहिलेली, आणि तीत बायबलमधला अख्खा नवा करार आहे. एवढ्या जुन्या काळातली संपूर्ण प्रत फार क्वचित मिळते.

नोव्हेंबर 2016 मध्ये सेमिनरीने ती ऑर्थोडॉक्स चर्चकडे सोपवली. कोर्टाचा हुकूम नव्हता, चर्चची विनंती होती. माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता. लुटीचा माल चार हात फिरला म्हणून लुटीचा राहत नाही असं होत नाही.

ओवीकार
पूर्ण असहमत. ग्रुबर यांनी दरोडा घातला नव्हता, पैसे मोजले होते. सेमिनरीने पोथी अनेक दशकं जपली, अभ्यासकांना खुली ठेवली. कोसिनित्साचा इतिहासही बघा: दुसऱ्या महायुद्धात तो मठ जाळला गेला. 1917 नंतर पोथी तिथेच असती तर आज या धाग्याला विषयच उरला नसता. ज्याने वाचवलं त्याचा काहीच हक्क नाही?

समासटीप
वाचवल्याबद्दल कृतज्ञता असावी, मालकी नाही. आणि मठ जाळला गेला हा मठाचा गुन्हा कसा? एकदा लुटलं, एकदा जाळलं, आणि आता त्याच आगीचा दाखला देऊन 'तुम्हाला सांभाळता येत नाही' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. आज तिथे नन राहतात, रोज उपासना चालते.

मोडीवाचक
मी पाठचिकित्सेच्या, म्हणजे जुन्या प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या, बाजूने बोलतो. 1424 चं खरं धन समासात आहे. प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक सोडून नव्या करारातल्या सगळ्या पुस्तकांभोवती अर्थ उलगडणारी टीका लिहिलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाशेजारी (येशूच्या चरित्राशेजारी) 'यहुदी शुभवर्तमाना'त वेगळा पाठ काय होता याच्या नोंदी आहेत. ते शुभवर्तमान आज अस्तित्वात नाही, अशा मोजक्या पोथ्यांच्या समासांतूनच त्याचे तुकडे कळतात. फोटो उपलब्ध आहेत, मान्य. पण खरवडून पुसलेलं अक्षर, शाईचा फरक, नंतरच्या हाताची दुरुस्ती, यांसाठी पान डोळ्यांसमोर लागतं. डोंगरावरच्या मठात परदेशी विद्यार्थ्याला किती सहज प्रवेश मिळेल, ही माझी काळजी आहे.

समासटीप
ही काळजी मला पटते. पण उपाय प्रवेशाचे नियम ठरवणं हा आहे, पोथी अडवून ठेवणं नाही. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाचं उदाहरण घ्या. 2011 मध्ये लिलावात घेतलेली शुभवर्तमानांची प्रत कोसिनित्साचीच निघाली. 2022 मध्ये त्यांनी ती परत केली आणि चर्चने दुसरी हस्तलिखितं त्यांना प्रदर्शनासाठी उसनी दिली. भांडण संपलं की दारं उघडतात.

ओवीकार
प्रत्येक वेळी नाही. प्रिन्स्टन विद्यापीठावर 2018 मध्ये चर्चने आणि मठाने दावा लावला. विद्यापीठाचं म्हणणं, आमच्याकडच्या पोथ्या लुटीतल्या नाहीतच. शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा कुठून आणणार? शंका असली की द्या, असा नियम केला तर उद्या एकही ग्रंथालय आपल्या पोथीचा इतिहास उघड करणार नाही. नुकसान अभ्यासाचंच.

समासटीप
प्रिन्स्टनचा वाद पुराव्याचा आहे, तो पुराव्यानेच सुटू दे. 1424 बद्दल अशी शंका नव्हती.

कृष्णाकाठ
दोघांनाही विचारतो, बल्गेरियाच्या राजधानीचं, सोफियाचं काय? पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1919 च्या नोयी तहात बल्गेरियाने लुटलेल्या वस्तू परत करण्याचं मान्य केलं. तरी मठाच्या पोथ्यांचा मोठा साठा अजून तिथेच आहे. ज्या सेमिनरीने मान राखला तिचीच चिरफाड आपण करतोय, आणि सही करून बसलेल्या सरकारबद्दल इथे कोणी चकार शब्द काढलेला नाही.

ओवीकार
हा मुद्दा मान्य. तहावर सही केलेल्या सरकारने परत द्यायलाच हवं, तिथे माझा 'पैसे मोजले होते' हा बचाव लागू होत नाही. शिकागोबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.