रात्री दीड वाजता हेडफोनमध्ये आजाची गॅसबत्ती का दिसते?

सेकंडशिफ्ट_घणसोली
हसू नका, खरंच विचारतोय. वय ४६, रबाळे एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. साडेअकराला सुटतो, जेवून भांडी घासेपर्यंत एक वाजतो. अंथरुणावर पडलो तरी कानात पॅकिंग लाइनचा खटखटाट चालूच. मग मुलीने तिचे जुने हेडफोन दिले नि एक यादी लावून दिली, सगळं इलेक्ट्रॉनिक. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. पहिल्या रात्री म्हटलं, ही तर आमचीच मशीन, घरी येऊन पुन्हा कशाला? पण सोडवेना.

त्यात एक वीस मिनिटांचा तुकडा आहे. सुरुवातीला सगळं गोधडीखालून ऐकू येतं. ठोका एकच, तसूभर न हलणारा. सहा-सात मिनिटं झाली की कुणीतरी ती गोधडी बोटबोटभर सरकवायला लागतं, आवाज उजळत जातो, आणि नेमका तिथेच मला आजा दिसतो. खाडीला ओहोटी, गुडघाभर चिखल, आजा गॅसबत्ती घेऊन चिंबोऱ्या धरायला पुढे गेलेला, मी बांधावर. (तो बांध आता सेक्टरच्या रस्त्याखाली आहे.) धुक्यात आधी नुसता पिवळा डाग, मग जवळ येईल तसा बत्तीचा सूंऽऽ आवाज. आजाला जाऊन तीस वर्षं झाली. त्याच्या फोटोकडे बघूनही तो इतका स्वच्छ आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच तुकडा मोबाइलच्या स्पीकरवर लावला. काही नाही, टिकटिक नुसती. बायको आतून म्हणाली, "मिक्सर बिघडला का?"
असं का होतं? तुम्हाला काय दिसतं?

नॉब_फिरवा
दादा, मी कळव्याचा, लग्नं-नवरात्रात साउंड लावतो. ती गोधडी म्हणजे फिल्टर. आवाजातला वरचा, बारीक भाग अडवायचा आणि खालचा जाड भाग तेवढा सोडायचा, एवढंच त्याचं काम. मग कटऑफचा नॉब हळूहळू फिरवला की अडवलेलं एकेक बाहेर येतं. सूर तोच, उजेड वाढतो. आता बघा, गरबा तीन गल्ल्या पलीकडे असला तर घरात नुसतं धबधब येतं, टाळ्या-झांजा येत नाहीत. लांबून येताना, भिंतीतून येताना बारीक आवाज आधी मरतो. म्हणून फिल्टर उघडला की कानाला वाटतं, काहीतरी जवळ येतंय. बत्ती जवळ येते ती त्यामुळे. आजा मात्र तुमचा, तो नॉबमधून येत नाही.

मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, त्यातून खालचा आवाज जवळजवळ निघतच नाही. चिखलच नसेल तर आजा उभा कुठे राहणार?

झोपा_आता
एक वाजता स्वतः भांडी घासता, त्याबद्दल आधी नमस्कार. मला वाशीच्या खाडीपुलावर थांबलेली लोकल दिसते, डब्यात मी एकटी. बाकी कविता नाही.

नेरूळची_मावशी
मी गाणं शिकवते. मशीनच्या संगीताला वर्षानुवर्षं नाक मुरडलं, मग एका विद्यार्थ्याने चरणजीत सिंग ऐकवले. मुंबईच्या हिंदी सिनेमासृष्टीतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यातलं ३०३ नावाचं डबडं खरं तर बास गिटारवाल्याच्या जागी साथीला म्हणून काढलेलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आपल्या मींडेच्या जवळची. रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली तेव्हा लोक चाट पडले, कारण शिकागोतलं ॲसिड हाउस म्हणून जे नाचायचं मशीनचं संगीत गाजलं ते याच ३०३ वर, आणि नंतरचं.

त्यात मालकंस आहे. रात्रीचा राग, रात्रीच ऐका. दुपारी ऐकलात तर तुमच्या मंडळींचा मिक्सरच. आणि न हलणारा ठोका आवडतो म्हणता, ते मला अजून पटत नाही. तबलजी समेवर येताना जरा श्वास घेतो, तो मला लागतो.

सेकंडशिफ्ट_घणसोली
मावशी, मालकंस ऐकला. आजा आला नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला झोपच लागली, हेडफोन बायकोने काढले. हेही काही कमी नाही.

काल सुट्टी होती, आईला तो वीस मिनिटांचा तुकडा ऐकवला. तिला पिठाची गिरणी दिसली, बाहेर डब्यांची रांग, आणि तिचा नंबर कुणीतरी मारलेला. त्यावर अर्धा तास बोलली.

नॉबवाले भाऊ, तुमचं वाचून रात्री पुन्हा नीट कान देऊन ऐकलं. शेवटची दोन मिनिटं मी कधी पुरी ऐकलीच नव्हती. तिथे ते गोधडी परत ओढतात. आवाज मंद होत जातो. गॅसबत्तीतली हवा कमी झाली की तिचा उजेड असाच खाली बसायचा, आणि आजा ती बांधावर टेकवून, लुंगी सावरत, पंप मारायला वाकायचा.