मदत हवी आहे: थॉमस म्युलरचा चेंडू पायात नसतानाचा खेळ दिसेल असे व्हिडिओ कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या पोरांत फॉरवर्डला, म्हणजे गोल करायला पुढे, खेळतो. सध्या त्याला जर्मन फुटबॉलपटू थॉमस म्युलरचं वेड लागलंय, पण ते सगळं रील्सवरून. मुलाखतीतले चिमटे, सरावातली थट्टामस्करी. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला ४-१ हरवताना म्युलरने दोन गोल केले आणि नंतर टीव्हीवर आपल्या दोन्ही आज्यांना आणि आजोबांना नमस्कार सांगितला. ते रील भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, माझ्या आईने दोनदा लावून बघितलं. म्युलरवर माणसं जीव टाकतात ते मला पटतं.

पण परवा भाचा म्हणाला, "मामा, ह्यो खेळतोय काय पण? ड्रिबलिंग न्हाई, काय न्हाई. नशीबवान हाय नुसता." मला फार लागलं ते.

पाच गोल करून २०१० च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) आणि बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या २०१९-२० च्या एकाच मोसमात २१ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास, हे नशिबाने होत नाही. म्युलरने स्वतःला 'राउमडॉयटर' म्हटलं होतं, म्हणजे मैदानातल्या मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा. आणि नेमकं तेच रीलमध्ये मावत नाही. २०१४ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमधला ब्राझीलविरुद्धचा पहिला गोल घ्या, अकराव्या मिनिटाचा. जर्मनीच्याच क्रूसचा कॉर्नर येतो, ब्राझीलचा बचावपटू डेव्हिड लुईझ गर्दीत अडकतो आणि म्युलर गोलसमोर एकटा, अंगावर कोणी नाही. मोबाईलच्या उभ्या चौकटीत कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे म्युलर दिसतो तो थेट चेंडू पायाशी आल्यावर. तो तिथवर कसा पोचला ते कापलेलं असतं.

पूर्ण मॅच लावून बघितली. स्क्रीनवर म्युलरच्या १३ नंबरवर बोट ठेवून बसलो. पाच मिनिटांत पोराची नजर परत चेंडूवर.

म्हणून विचारतो:

सगळं मैदान एका चौकटीत दिसेल असं उंचावरून केलेलं चित्रण कुठे बघायला मिळतं का? बायर्न म्युनिक क्लबचं असो की जर्मनीचं, जुनं असलं तरी चालेल.

'राउमडॉयटर'ला पोरांना कळेल असा मराठी शब्द कोणता? मी 'जागा हेरणारा' म्हणतो, पण त्यात वेळ साधणं येत नाही.

लहान मुलांना शिकवणाऱ्या कोचनी यासाठी काही सराव घेतला असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद: दादा, व्हिडिओ मिळेल तेव्हा मिळेल. शाहू स्टेडियमवर मॅच असेल त्या दिवशी पोराला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवा. एकच फॉरवर्ड धरायचा, दहा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही. तो कधी थांबला, बॅकच्या (बचावपटूच्या) पाठीमागून कधी सुटला ते वहीत बाणांनी काढायला सांगा. मी माझ्या पोरांकडून असंच करून घेतो. पहिल्या दिवशी कंटाळतात, तिसऱ्या मॅचला स्वतःच ओरडायला लागतात, "आत्ता पळ!" आणि शब्दाचं म्हणाल तर आम्ही 'फट शोधणारा' म्हणतो.

धागाकर्ता: 'फट शोधणारा' आवडलं, त्याला लगेच कळेल. पुढच्या मॅचला वही घेऊन जातो. व्हिडिओ कोणाकडे असतील तर ते अजून हवेच आहेत.