मदत हवी आहे: आईच्या खालच्या दाढेचं इम्प्लांट, आधीची तयारी आणि नंतरची काळजी

उंबरठा

आईची (वय ६३) खालची डावी पहिली दाढ दोन वर्षांपूर्वी काढली होती. त्या जागी येत्या गुरुवारी इम्प्लांट (हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर पुढे दात लावतात) बसवायचं आहे. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन झालाय. हाड पुरेसं आहे, हाडाची पावडर घालावी लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाकी माहिती:

मधुमेह १० वर्षं, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६.
अ‍ॅस्पिरिन ७५, रोज रात्री. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली.
हाडं ठिसूळ म्हणून आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट ७०, तीन वर्षांपासून. हे दाताच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.
मिश्री. सकाळ-संध्याकाळ.

अ‍ॅस्पिरिन किती दिवस आधी बंद करायची? उपाशीपोटी न्यायचं का? नंतर खायला काय द्यायचं? शेजारच्या काकू म्हणतात, लवंगेचं तेल लावलं की जखम लवकर भरते. लावू का?

दंतकथा

तुम्ही शेवटून दुसरं लिहिलंय ते खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं. अलेंड्रोनेटचं आजच फोन करून सांगा, गुरुवारची वाट बघू नका. ही गोळी हाडाची झीज थांबवते, पण त्यामुळे जबड्याच्या हाडाची जुनं काढून नवं भरायची गतीही मंदावते. क्वचित जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. तोंडाने घ्यायच्या गोळीत हा धोका कमी असतो, तेवढ्यावरून इम्प्लांट रद्द होत नाही. पण किती वर्षं चालू आहे, सोबत स्टेरॉइड आहे का, हे डॉक्टरांच्या कागदावर असलंच पाहिजे. हाडांसाठी वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. सहा महिन्यांचं डेनोसुमॅब आपल्या मनाने पुढे ढकलायचं नसतं, त्यात मणके मोडायचा धोका असतो.

अ‍ॅस्पिरिन बंद करायची नाही. एका इम्प्लांटचं रक्त दाबून आणि टाक्यांनी थांबतं. गोळी थांबवून रक्तवाहिनीत गुठळी झाली तर ती अशी दाबून थांबत नाही. रक्तदाब मात्र आदल्या आठवड्यात दोन-तीनदा मोजून कागदावर लिहून न्या.

उपाशी नेऊ नका. भूल फक्त जागेवर देणार असतील तर नेहमीचा नाश्ता, नेहमीच्या गोळ्या आणि मग दवाखाना. सकाळची पहिली वेळ घ्या. उपाशी राहण्याचा नियम गुंगीचं औषध देणार असतील तेव्हाचा, आणि तेव्हा साखरेच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टर वेगळं सांगतात. एचबीए१सी ७ च्या आत असेल तर उत्तमच, ८ पर्यंत बहुतेक जण काम करतात, त्यावर गेलं की पुढे ढकललेलं बरं.

खुर्चीत काय होतं ते आईंना आधी सांगून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. भुलेच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रेनालिन असतं, त्याने दोन-चार मिनिटं छातीत धडधडू शकतं. हिरडी कापून बाजूला करतात. आधी साधारण २ मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने भोक पाडतात, मग टप्प्याटप्प्याने रुंद करतात. सलाइनचं पाणी सारखं सोडतात, कारण हाड तापलं की मरतं. ४७ अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तरी नुकसान होतं. मग स्क्रू पान्याने पिळून बसवतात. दुखत नाही, पण जबड्यावर दाब आणि घरघर जाणवते. एका दाताला पाऊण ते एक तास लागतो.

गोळीचा डबा

औषधांचं थोडं. ठणक्यासाठी दुकानात सहज मिळते ती लोकप्रिय गोळी म्हणजे आयबुप्रोफेन अधिक पॅरासिटामॉल. आईंना ती नको: अ‍ॅस्पिरिनसोबत आयबुप्रोफेन घेतलं की अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा येतो, शिवाय पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. नुसती पॅरासिटामॉल ६५०, दर ८ तासांनी, आणि पहिली गोळी भूल उतरायच्या आधी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते वेगळं घेऊन दुप्पट करू नका.

अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर ते नेमकं कधी घ्यायचं ते विचारा. अमॉक्सिसिलिनचा डोस बऱ्याचदा तासभर आधी घ्यायचा असतो. घरी येऊन घेतला तर हेतूच राहत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तोंडी न सांगता लिहून द्या.

आणि सगळ्यात घोळ होतो तो इथे: जेवण निम्म्यावर येतं आणि ग्लिमेपिराइड पूर्ण डोसचंच चालू राहतं. साखर खाली येते, घाम, थरथर, चक्कर, आणि घरचे म्हणतात दातामुळे अशक्तपणा आलाय. पहिले तीन दिवस त्या गोळीचा डोस किती ठेवायचा ते मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारा. घरात ग्लुकोमीटर ठेवा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

सुपारी_नको

मिश्रीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं. त्यात मिश्री बोटाने घासायची, म्हणजे टाक्यांवरच घासणं. निदान आठवडाभर आधी आणि नंतर आठ आठवडे पूर्ण बंद. निकोटिनची च्युइंगम हा इथे उपाय नाही, ती चावावी लागते.

मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही ही खरी अडचण असते आणि तिच्यामुळेच तिसऱ्या दिवशी डबी पुन्हा उघडते. त्यामुळे आजपासून सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल. नुसतं ‘सोड’ म्हणून सुटत नाही.

ताकभात

खाण्याचं. भूल उतरेपर्यंत काही चावायला नको, गाल किंवा जीभ चावली जाते आणि ती जखम इम्प्लांटपेक्षा जास्त छळते.

पहिला दिवस गार किंवा कोमट: ताक, पेज, दही घालून कालवलेला अगदी मऊ भात, नाचणीची आंबील गार करून. दुसऱ्या दिवसापासून मुगाची पातळ खिचडी, वरण-भात, दुधी किंवा भोपळ्याची शिजवून घोटलेली भाजी, मऊ अंडं. मधुमेहात नुसत्या पेजेवर राहिलं तर साखर आधी चढते आणि मग आपटते. वाटीत डाळ किंवा दही हवंच. पाच-सहा दिवसांनी दुधात भिजवून मऊ केलेली पोळी, उजव्या बाजूने.

स्ट्रॉने काही प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही. ओढ बसली की रक्ताची गुठळी निघते. तीळ, खसखस, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट हे टाक्यांत जाऊन बसतं, टाके निघेपर्यंत नको. चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी आठवेल, पण त्यात कूट असतं.

दंतकथा

लवंगेचं तेल राहिलं. लावू नका. शुद्ध लवंग तेल उघड्या जखमेवर भाजल्यासारखं लागतं आणि ऊतक मारतं. हळदीची पूडही नको, तिचे कण टाक्यांत अडकतात.

त्याऐवजी असं: कापसाची गोळी किंवा गॉझ ३० ते ४५ मिनिटं न बोलता दाबून धरायची. दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबलं का बघायचं नाही. पहिल्या दिवशी थुंकीत लाली असते, ती रक्तस्राव नाही. गॉझ भरून वाहत असेल तर नवी गॉझ पुन्हा अर्धा तास. तरी थांबलं नाही तर फोन.

पंच्यात गुंडाळलेला बर्फ गालावर १५ मिनिटं, मग १५ मिनिटं विश्रांती, फक्त पहिले एक-दोन दिवस. रात्री दोन उशा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे ‘काल बरी होती, आज वाढली’ म्हणून घाबरू नका. चौथ्या दिवसानंतर वाढत असेल, ताप असेल, तोंडाला वास किंवा पू असेल, तर मात्र थांबू नका.

चोवीस तास चूळ नाही. नंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात फिरवून तसंच बाहेर पडू द्यायचं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा. ते आणि टूथपेस्ट यांच्यात अर्धा तास ठेवा, एकमेकांचा परिणाम मारतात. चहाने त्याचे डाग दातांवर जास्त चढतात, ते नंतर साफ होतात. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून मऊ ब्रशने घासायचेच. भीतीने ब्रश सोडला की तिथूनच संसर्ग येतो.

एका गोष्टीला मात्र उशीर करू नका. भूल तीन ते पाच तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा ओठ किंवा हनुवटी डाव्या बाजूला बधिर वाटली, तर त्याच सकाळी कळवा. खालच्या जबड्यातून नस जाते, इम्प्लांटचं टोक तिच्यापासून निदान २ मिलिमीटर दूर हवं. दाब पडत असेल तर पहिल्या दिवसा-दीड दिवसात स्क्रू मागे घेता येतो, आठवड्याने फायदा फारसा राहत नाही. ‘उतरेल हळूहळू’ म्हणून बसू नका.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना अलेंड्रोनेटचं सांगितलं, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून गुरुवार कायम ठेवला. इम्प्लांट ४ बाय १० मिलिमीटरचं, वर हिरडीला आकार देणारी टोपी लावलीय. आज अकरावा दिवस. टाके काल काढले. दुखणं शून्य. आई म्हणते आता काही झालेलंच नाही, त्या बाजूने भाकरी खाऊ का? आणि टोपी जिभेला किंचित हलल्यासारखी लागते.

दंतकथा

भाकरी नाही. इम्प्लांट बसवल्या दिवशी स्क्रूच्या आट्यांनी जुन्या हाडात घट्ट धरलेला असतो. मग शरीर ते जुनं हाड झिजवायला घेतं, आणि नवं हाड अजून कच्चं असतं. त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या-पाचव्या आठवड्यात पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असते, आणि दुखणं नेमकं तेव्हाच संपलेलं असतं. या काळात चावताना इम्प्लांट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी भोवती तंतूंचा पडदा तयार होतो. तो एकदा झाला की स्क्रू काढून, जागा भरू देऊन पुन्हा सुरुवात. टायटॅनियमला हाड चिकटतं हे १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडातलं यंत्र निघेना तेव्हा लक्षात आलं. पण ते चिकटायला वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात त्याहून जास्त. तोवर त्या बाजूने मऊच, तेही शक्यतो नाही.

टोपी हलते ती बहुतेक टोपीच. छोट्या स्क्रूवर असते, सैल होते, दोन मिनिटांचं काम आहे. पण ती हलते की खालचा इम्प्लांट, हे घरी कळत नाही. जिभेने ढकलून बघू नका, घरच्या पान्याने पिळू नका. निघालीच तर छोट्या डबीत ठेवा आणि त्याच दिवशी जा: दोन-तीन दिवसांत हिरडी भोकावर सरकते, मग पुन्हा कापावी लागते. अलेंड्रोनेटवर असलेल्या माणसाची हिरडी दोनदा कापणं टाळलेलं बरं.

आणि जाल तेव्हा इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, ज्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो. एका कंपनीचे भाग दुसऱ्या कंपनीच्या इम्प्लांटला बसतीलच असं नसतं. दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला आणि हा दवाखाना तोवर बंद झालेला असला, तर नवा डॉक्टर पहिलं तेच विचारेल.

उंबरठा

फोन केला, साडेचारला बोलावलंय. भाकरी आईच्या समोरून उचलली, रुसलीय.

ताकभात

तीच भाकरी ताकात कुस्करून द्या, वर थोडं मीठ. उजव्या बाजूने.