धर्मासाठी प्राण दिल्याने धर्म खरा ठरतो का?

ऋजुता:
"खोट्यासाठी कोणी स्वतःचा जीव देत नाही" हा युक्तिवाद ख्रिस्ती धर्माच्या बाजूने नेहमी मांडला जातो. येशूचे शिष्य छळ सोसून मेले, म्हणजे पुनरुत्थान (येशूचं मेल्यावर पुन्हा जिवंत होणं) त्यांनी पाहिलंच असणार, असा त्याचा रोख. करबला (जिथे मुहंमद पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले) आणि शीख गुरूंच्या बलिदानाबद्दलही असंच लिहिलेलं आढळतं. कोणाच्या श्रद्धेवर टीका करायची नाही. मरणातून नेमकं काय सिद्ध होतं आणि ते तपासायचं कसं, हे हवं आहे. "माणसं चुकीच्या गोष्टींसाठीही मरतात" एवढं उत्तर पुरेसं आहे का?

अनुमान:
पुरेसं नाही. त्या उत्तराने युक्तिवादाचं कच्चं रूप पडतं, पक्कं रूप उभंच राहतं. पक्कं रूप असं: ऐकीव श्रद्धेसाठी कोणीही मरेल, पण ज्याने गोष्ट स्वतः रचली आणि ती खोटी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो तिच्यासाठी मरणार नाही.

इथे न्यायदर्शनातली, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतली, आप्ताची (विश्वासार्ह सांगणाऱ्याची) व्याख्या कामी येते. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताकडून दोन गोष्टी मागितल्या आहेत: वस्तूचं साक्षात ज्ञान, आणि जसं कळलं तसंच सांगण्याची इच्छा. हौतात्म्य फक्त दुसऱ्या अटीबद्दल बोलतं. माणूस प्रामाणिक होता एवढं त्यातून कळतं. त्याला कळलेलं बरोबर होतं की नाही, हे कळत नाही.

तेव्हा प्रत्येक उदाहरणाला आधी हे विचारावं: मृत्यूची नोंद घटनेनंतर किती वर्षांनी झाली? आरोप नेमका कोणता होता? श्रद्धा नाकारली असती तर सुटका होणार होती का? आणि मरणारा प्रत्यक्षदर्शी होता की ऐकून मानणारा? यातला सुटकेचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. पर्यायच दिला नसेल तर मृत्यू दुःखद खरा, पण त्यातून निर्धार दिसत नाही.

पुराभिलेख:
हीच चाळणी शिष्यांना लावू. योहानाचा भाऊ याकोब याला हेरोद अग्रिप्पाने तलवारीने मारलं, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. हे इसवी सन ४४ च्या आसपासचं. येशूचा भाऊ याकोब ६२ साली दगडमार होऊन मेला, हे त्या काळचा ज्यू इतिहासकार योसेफसने नोंदवलंय. पण तिथे आरोप नियमशास्त्र मोडल्याचा आहे आणि माघारीची संधी दिल्याचा उल्लेख नाही. पेत्र आणि पौल यांच्याबद्दल पहिल्या शतकाच्या अखेरीचं रोमच्या चर्चमधल्या क्लेमेंतचं पत्र आहे, तेही मोघम. आंद्रिया, थोमा वगैरेंच्या मरणकथा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा त्यानंतरच्या, चमत्कारांनी भरलेल्या. "सगळेच शिष्य हुतात्मे झाले" हे विधान म्हणूनच टिकत नाही.

माघारीची संधी स्पष्ट दिसते ती रोमन प्रांताधिकारी प्लिनीने सुमारे ११२ साली सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात. तो आरोपींना तीनदा विचारायचा, हट्ट धरणाऱ्यांना शिक्षेला पाठवायचा; सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य अर्पून ख्रिस्ताला शाप देणाऱ्यांना सोडायचा. पुरावा उत्तम आहे, पण माणसं दोन पिढ्यांनंतरची. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

मेरी_आस्था:
मी श्रद्धावान आहे आणि वरचं बहुतेक मान्य आहे. तरी "मरणातून काहीच सिद्ध होत नाही" इथवर जाऊ नका. समोर तीन शक्यता असतात: खरं, प्रामाणिक गैरसमज आणि ठरवून केलेली फसवणूक. संधी असूनही माघार न घेता मेलेला साक्षीदार तिसरी शक्यता खूप खाली आणतो. पहिल्या दोघींतलं अंतर मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. उदाहरणादाखल आकडे धरा: धर्म खरा असेल तर असं मरण येण्याची शक्यता ९० टक्के, प्रामाणिक गैरसमज असेल तर ८५, फसवणूक असेल तर ५. पहिल्या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.०६. या दोनच शक्यता उरल्या असतील आणि "खरं"वर आधी २० टक्के विश्वास असेल, तर नंतर तो जेमतेम २१ होतो.

आपल्या बाजूचे लोक अडखळतात ते इथे. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ साली इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाच्या गोळ्यांनी मेला. तो माघारीची संधी नाकारून मेला नाही, म्हणून ते उदाहरण सोडून देऊ. पण ज्यांवरून मॉर्मन ग्रंथ भाषांतरित केला असं तो सांगे, ते सोन्याचे कोरीव पत्रे पाहिल्याची साक्ष देणारे त्याचे तीन प्रमुख साक्षीदार पुढे त्याच्या चर्चपासून दुरावले, तरी त्यांनी साक्ष कधी मागे घेतली नाही. शिष्यांची साक्ष ज्या मापाने मोजता, त्याच मापाने हीही मोजावी लागेल. पुनरुत्थानावरचा माझा विश्वास इतर कारणांवर उभा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

अनुमान:
मेरी_आस्था, फसवणुकीची शक्यता खाली येते हा मुद्दा एकदम मान्य.

आता उलट बाजू पाहा. मरणाने धर्म खरा ठरत असेल तर माघारीने तो खोटा ठरायला हवा. ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत (जपान) कॅथलिक जेझुइट संघाचे पाद्री क्रिस्तोवाँव फेरेइरा आणि नाकाउरा जुलियान यांना इतरांसोबत खड्ड्यावर उलटं टांगलं. फेरेइराने सुमारे पाच तासांत धर्म सोडला. जुलियान तिथेच मेले. श्रद्धा एकच, छळ एकच. फरक दोन माणसांच्या सहनशक्तीबद्दल सांगतो, धर्माबद्दल नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गॅलिलिओने रोममध्ये माघार घेतली होती, त्याने पृथ्वीचं फिरणं काही खोटं ठरलं नाही.

शिवाय आपल्यापर्यंत गोळा होऊन येतात ती न डगमगलेल्यांची नावं. सम्राट डेसियसने २५० साली सर्वांना यज्ञबली देऊन दाखला घ्यायला लावला, तेव्हा कार्थेजमध्ये शरण गेलेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या एवढी होती की त्यांना परत घ्यायचं की नाही यावरून चर्चमध्येच फूट पडली. हुतात्मे मोजताना ही माणसंही मोजायला हवीत.

पुराभिलेख:
एक जोडी भर घालतो. पोपच्या अधिकारासाठी इंग्लंडचा माजी मंत्री थॉमस मोर १५३५ साली शिरच्छेदाला सामोरा गेला; तो अधिकार नाकारणारा बायबलचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल १५३६ साली गळा आवळून जाळला गेला. दोघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलंही होतं. या मुद्द्यावर दोघे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

ऋजुता:
करबला आणि गुरू तेगबहादूर यांना ही चाळणी कशी लागते?

पुराभिलेख:
करबलात ६८० साली प्रश्न खलिफा यझीदच्या बैअतीचा (निष्ठेच्या शपथेचा), म्हणजे नेतृत्वाच्या हक्काचा होता. दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. त्यामुळे त्यातून इस्लाम खरा की खोटा हा निष्कर्ष काढताच येत नाही.

गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद नोव्हेंबर १६७५ मध्ये दिल्लीत झाला. नंतरच्या काही फारसी वृत्तांतांत कारण राजकीय दिलं आहे, ते लक्षात ठेवा. शीख परंपरेनुसार काश्मिरी पंडितांवरची धर्मांतराची सक्ती रोखण्यासाठी त्यांनी प्राण दिले. 'बचित्तर नाटक' ही शीख रचना त्यांना टिळा-जानव्याचं रक्षण करणारे म्हणतं. त्याच परंपरेनुसार गुरू नानकांनी जानवं घालायला नकार दिला होता. म्हणजे आपल्या मताच्या सत्यतेचा दावा तिथे नव्हताच. दुसऱ्याला त्याचं मत पाळता यावं, यासाठी ते मरण होतं.